गाडगेबाबांचा खराटा

अमरावतीकडील शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट घरात डेबूजी झिंगराजी जाणोरकर जन्मले. पुढे सारा मुलूख त्यांना गाडगेबाबा म्हणू लागला. बाप व्यसनापायी लवकर गेला. पोर दापुऱ्यास मामाकडे गुरे राखीत, शेत नांगरीत वाढले. १९०५ साली घर सोडले ते अंगावर चिंध्या नि हाती गाडगे घेऊन.

एवढे सर्वांस ठाऊकच आहे. आम्हांस सांगायचे ते निराळे. बाबा गावात शिरले की देवळाकडे वा पाटलाच्या वाड्याकडे वळत नसत. खराटा घेऊन थेट रस्ता झाडू लागत. लोक वेडा समजून हसत. मग कोणी लाजून दुसरा झाडू आणी, कोणी तिसरा. रात्री कीर्तन उभे राही, तेव्हा कळे की सकाळचा झाडूवाला तो हाच. (आमच्या मते निम्मे कीर्तन तिथेच झालेले असे.) हाती पोथी नाही, वऱ्हाडी बोलीत बाबा प्रश्न टाकीत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढून घेत. चारचौघांत आपल्याच तोंडाने कबूल केलेले दुसऱ्या दिवशी मोडवत नाही, ही त्यातली मेख! पाया पडू जाणारास मात्र काठीचा प्रसाद मिळे. पंढरीसही ते जात, पण राउळात न शिरता वाळवंट झाडीत.

वाचकहो, एकदा लालबागेत आमच्याच दिंडीने चहा पिऊन कागदी पेले रस्त्यावर टाकले. एक म्हातारी माळकरीण मुकाट्याने ते वेचू लागली. गळ्यात वीणा असून आम्ही उभेच! लाज वाटली, मग वाकलो.

मुंबईशी बाबांचा ऋणानुबंध मोठा. दादरच्या प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांच्या हयातीतच चरित्र लिहिले. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेले कीर्तन ध्वनिमुद्रित असल्याने आजही ऐकता येते. परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करोगाच्या गोरगरीब रुग्णांना दादरला त्यांच्याच नावाच्या धर्मशाळेत आसरा मिळतो.

त्या कीर्तनानंतर दीड महिनाही झाला नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीपाशी बाबांनी देह ठेवला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ सालीच डॉ. आंबेडकरांच्या संस्थेस देऊन टाकली होती. बांधलेल्यांपैकी एकही वास्तू त्यांनी स्वतःच्या वा लेकराबाळांच्या नावे ठेवली नाही.