राखणदार अभियंता : मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

१५ सप्टेंबर हा दिवस आपल्या देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. हा सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस. त्यांचे नाव काढले की म्हैसूरजवळचे कृष्णराजसागर धरण आणि त्याच्या पायथ्याची वृंदावन बाग आठवते. मोठे धरण बांधणारा मोठा माणूस, एवढीच त्यांची ओळख आपण शाळेपासून करून घेतलेली असते. मला मात्र त्यांच्या चरित्रातली दुसरीच बाजू अधिक मोलाची वाटते. बांधलेल्या धरणाचे पुढे काय होते, वाढलेले पाणी कोठून जाते आणि ते न गेल्यास कोणाच्या दारात येते, याचा विचार त्यांनी आयुष्यभर केला. ते धरणे बांधणारे होते, तसेच राखणारेही होते.

बंगळूरच्या उत्तरेकडील मुद्देनहळ्ळी हे त्यांचे गाव. घरात विद्या होती, पैसा नव्हता. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. बंगळूरला मामांचा आधार मिळाला, तरी शिकण्याचा खर्च त्यांना शिकवण्या करूनच भागवावा लागला. १८८१ साली ते सेंट्रल कॉलेजातून बी. ए. झाले. आपण ज्या पदवीसाठी शिकत आहोत तीच त्यांचीही पहिली पदवी, हे वाचून मला बरे वाटले. पुढे म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात दाखल झाले आणि १८८३ च्या अभियांत्रिकी परीक्षेत पहिले आले. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून त्यांची नोकरी सुरू झाली. नाशिक, धुळे, पुणे अशी त्यांची उमेदीची वर्षे आपल्याच मातीत गेली.

१८९४ च्या सुमारास सिंधमधील सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम त्यांच्याकडे आले. सिंधू नदीचे पाणी गढूळ, आणि ते गाळण्यासाठी मोठे हौद बांधायला नगरपालिकेकडे पैसा नव्हता. तेव्हा त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाळूतून पाझरत येणारे पाणी आपोआप गाळले जाई, आणि मग ते शहराला पुरवले जाई. जे काम निसर्ग फुकट करून देतो ते त्याच्याकडून करून घ्यावे, ही त्यांची रीत येथेच दिसून येते.

तीच रीत पुढे खडकवासल्याला कामी आली. मुठा नदीवरचे हे दगडी धरण पुणे शहराला पाणी देई आणि कालव्यालाही. पावसाळ्यात तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात पाण्याची ओढ लागे. पाणी अधिक साठवावे तर धरणाची भिंत उंच करावी लागणार. तसे केले तर जुन्या भिंतीवरचा भार वाढणार. विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात लावला नाही. त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दारे बसवली. दाराला तोलून धरणारे एक जड वजन विहिरीसारख्या टाकीत असे. तलाव ठरलेल्या पातळीच्या वर चढला की पाणी त्या टाकीत शिरे, पाण्यात वजन हलके होई, तोल बदले आणि दारे उघडत. पूर ओसरला की टाकी रिकामी होई, वजन पुन्हा जड होई आणि दारे बंद होत. रात्री-अपरात्री पूर आला तरी कोणी धावत जाऊन चाक फिरवण्याची गरज नसे. यामुळे तलावाची पातळी सुमारे ८ फूट वाढली. १९०३ मध्ये त्यांना या दारांचे पेटंट मिळाले. पण सरकारी नोकरीत केलेल्या कामाचे वेगळे पैसे घेणे त्यांना पटले नाही आणि त्यांनी ते घेतले नाहीत.

या युक्तीचे कौतुक सगळेच करतात. तिच्यामागचा विचार मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पाणी किती साठवायचे हे ठरवतानाच जादा पाणी कसे जाऊ द्यायचे तेही ठरले पाहिजे. आणि आपोआप चालणारी वस्तूसुद्धा कोणीतरी राखावी लागते. टाकीची वाट गाळाने बुजली, साखळी गंजली, तर दारे कशी उघडणार?

कोल्हापूर शहराला पाणी देणाऱ्या तलावाच्या मातीच्या बांधाला धोका निर्माण झाला, तेव्हाही सल्ल्यासाठी विश्वेश्वरय्यांनाच पाचारण करण्यात आले. परंतु लहान धरणांविषयीचा सर्वांत मोठा धडा त्यांना हैदराबादला दिसला. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे बुडाली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. शहरात काय वाहून गेले तेवढे पाहून ते थांबले नाहीत. ते नदीच्या वरच्या अंगाला गेले. त्या खोऱ्यात ७८८ तलाव होते आणि त्यांपैकी २२१ फुटले होते. एक लहान तलाव फुटला की त्याचा लोंढा खालच्या तलावावर आदळतो, तो फुटतो, मग त्याखालचा. गावोगावच्या अशा फुटलेल्या तलावांच्या पाण्याने पुराचा जोर वाढवला होता. त्यांनी शहराच्या वरच्या बाजूला पूर अडवणारे दोन मोठे जलाशय सुचवले. उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला.

१९०९ साली ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ ते १९१८ या काळात दिवाण होते. कृष्णराजसागर, कारखाने, बँक, विद्यापीठ हा सारा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९५५ साली त्यांना भारतरत्न मिळाले. एप्रिल १९६२ मध्ये बंगळूरला त्यांचे निधन झाले.

त्याआधी नऊ महिने, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे मातीचे धरण फुटले. बांधकाम पुरते झाले नव्हते, तरी पहिल्याच पावसाळ्यात त्यात पाणी भरले होते. तो लोंढा खालच्या खडकवासल्यावर आला आणि तेही फुटले. पुण्याची नदीकाठची वस्ती उद्ध्वस्त झाली. मुसीच्या खोऱ्यात जे घडले होते तेच मुठेच्या खोऱ्यात घडले. ज्या धरणावर त्यांनी ऐन तारुण्यात दारे बसवली ते त्यांच्या हयातीतच वाहून गेले. शंभरी गाठलेल्या त्या वृद्धाच्या कानावर ही बातमी गेली असेल तर त्याला काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

याचे कारण घरचे आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. आमच्या गावचा तलाव बहात्तरच्या दुष्काळात झाला. माझे आजोबा त्याच्या भरावावर मातीच्या पाट्या वाहायला होते. मजुरीत धान्य मिळे. आज त्याच तलावाखालच्या विहिरीवर गावाची नळयोजना चालते, आणि भरावाच्या खाली आमच्यासह तीसेक घरे आहेत. भरावावर बाभळी माजल्या आहेत. त्यांची मुळे कुजली की मातीत पोकळ वाटा राहतात. घुशींनी बिळे केली आहेत. पिचिंगचे दगड लोकांनी घरांच्या जोत्यांना नेले. सांडव्याच्या चरात एकाने ज्वारी पेरली आहे. पायथ्याशी एका जागी बारमाही ओल असते. आजोबा रोज सकाळी तेथे जाऊन पाहतात, की पाणी नितळ येते की गढूळ. नितळ पाणी म्हणजे साधा पाझर. गढूळ आले तर आतली माती वाहू लागली असे समजावे. ग्रामसभेने संबंधित कार्यालयाला तीन वेळा अर्ज दिला. तलाव आमच्याकडे नाही, दुसऱ्या खात्याकडे आहे, असे उत्तर दोन्हीकडून आले.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि झोपेतली माणसे वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केलेली होती. २०२१ साली धरण सुरक्षा कायदा झाला आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर तपासणी करणे बंधनकारक झाले. परंतु हा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना, आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांना लागू होतो. आमच्या तलावासारखे गावोगावचे तलाव त्यात बसत नाहीत. हैदराबादचे ते २२१ तलाव आज असते, तर त्यांतले कितीतरी बसले नसते.

कायदा येईल तेव्हा येवो. विश्वेश्वरय्यांच्या चरित्रातून घ्यायची गोष्ट आपल्या हातातली आहे. आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी कोठल्या तरी गावी भरते. रस्त्याच्या कडेचे गवत काढण्याऐवजी एक वर्ष एखाद्या तलावावर जावे. सांडवा मोकळा करावा, भरावावरची झुडपे लहान असतानाच काढावीत, बिळांची आणि ओलीच्या जागांची नोंद वहीत करावी, आणि त्या नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक तहसील कचेरीत द्यावी. मोठी झाडे उपटणे किंवा गळती बुजवणे हे जाणकारांचे काम, त्याला आपण हात लावू नये. पण जाणकारांना बोलावण्यासाठी लागणारा कागद आपण तयार करू शकतो. भूगोलाच्या सरांनी मनावर घेतले तर येत्या शिबिरातच हे होईल. नावनोंदणीच्या यादीत पहिले नाव माझे लिहावे.