हिंगणघाटला विसावलेले लॅम्बटनसाहेब

शाळेचं मैदान मी टेपनं दोनदा मोजलं. दोन्ही खेपेला आकडा वेगळा! तेव्हा मला विल्यम लॅम्बटन आठवले. १८०२ साली मद्रासजवळ त्यांनी देशाच्या मोठ्या मोजणीची पहिली रेषा मोजली, सुमारे १२ किलोमीटर. पोलादी साखळी १०० फुटांची, म्हणजे साडेतीस मीटर. उन्हानं ती तापून लांबते, म्हणून ते जवळ थर्मामीटर ठेवत अन् तेवढा फरक हिशेबात धरत. १८०८ साली तंजावरला त्यांचं अर्ध्या टनाचं यंत्र आपटून बिघडलं. त्यांनी ते स्वतः दुरुस्त केलं. कामावर असतानाच जानेवारी १८२३ मध्ये आपल्या विदर्भातल्या हिंगणघाटला ते वारले. अपुरं काम एव्हरेस्टसाहेबांनी पुढं नेलं.

मीही आता टेप सारखाच ताणून तीनदा मोजतो, अन् तिन्ही आकडे वहीत लिहितो.