वालचंदांचा कारखाना आणि दुरुस्तीची वही

खराडीत राहणाऱ्या माणसाला आकाशातल्या आवाजांची सवय होते. लोहगावचा विमानतळ उशाशीच. लढाऊ विमान कोणते, प्रवासी कोणते आणि हेलिकॉप्टर कोणते, हे आमच्याकडची पोरेसोरेही वर न बघता सांगतात. पण चेतक आणि ध्रुव ही हेलिकॉप्टरे ज्या ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’मध्ये घडली, तिचा पाया एका सोलापूरकराने घातला, हे मोठ्यांनाही क्वचितच ठाऊक असते. त्यांचे नाव शेठ वालचंद हिराचंद.

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरातल्या जैन व्यापारी घराण्यात ते जन्मले. शिकायला मुंबईस गेले, मग येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात आले. पदवी काही हाती लागली नाही. घरच्या धंद्यातही मन रमेना. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक त्यांना भेटले आणि एका शेठजीच्या मुलाने एका कारकुनाशी भागीदारी करून रेल्वेची कंत्राटे घ्यायला सुरुवात केली. त्या काळी हे धाडसच. पुढचा पसारा सर्वांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो : भोरघाटातले बोगदे, १९१९ साली निघालेली सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट, आपल्याच जिल्ह्यातले वालचंदनगर, विशाखापट्टणमची जहाजगोदी.

विमानाचे वेड मात्र १९३९ मधले. मोटारींच्या कारखान्याची बोलणी करायला ते अमेरिकेला गेले होते. परतीच्या प्रवासात विल्यम पॉली हे अमेरिकन गृहस्थ भेटले. चीनमध्ये त्यांचा विमानांचा कारखाना होता. चीनमध्ये होते ते हिंदुस्थानात का होऊ नये, हा विचार वालचंदांच्या डोक्यात बसला आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ कंपनी स्थापन झाली. म्हैसूर संस्थानाने जमीन दिली, भांडवलही घातले. पुढच्याच वर्षी ‘हार्लो’ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान तिथे जोडले गेले.

आणि मग युद्धाने डाव उलटवला. जपान दाराशी आला, सरकारला कारखाना आपल्या मुठीत हवा झाला. १९४२ साली वालचंदांचे भाग सरकारने विकत घेतले. पैसे मिळाले, पण कारखाना गेला. नवी विमाने बांधणे मागे पडले आणि अमेरिकन सैन्याची जायबंदी विमाने तिथे दुरुस्तीला येऊ लागली.

वालचंदांच्या स्वप्नाचे गॅरेज झाले, असे कोणी म्हटले तर मला ते पटत नाही. नोकरीची सारी वर्षे मी बँकेत काढली. खाते उघडणे सोपे असते. ते रोज, पै न् पै जुळवून सांभाळणे हे खरे काम. विमानाचेही तेच. हेलिकॉप्टरचे तर अधिकच, कारण विमानाचे पंख जागेवर असतात आणि याचे पंखच गरगर फिरत असतात. त्या थरथरीने धातू थकतो, बोल्ट सैल होतात. म्हणून घट्ट केलेल्या बोल्टवर रंगाची एक रेघ ओढून ठेवतात. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट हलला. गिअरबॉक्सच्या तेलात चुंबक बसवलेला असतो. त्याला धातूचा कीस चिकटला, की आत काहीतरी झिजते आहे असे समजावे आणि यंत्र उघडावे. कित्येक भागांचे आयुष्य तासांत ठरलेले असते. तास भरले की भाग कितीही चांगला दिसो, काढायचाच.

हे सारे नोंदवहीत उतरते, आणि ती वही मला अगदी आमच्या लेजरसारखी वाटते. खाडाखोड चालत नाही. चुकले तर एक रेघ मारून सही. उड्डाणाचे नियंत्रण ज्या भागांवर अवलंबून असते, तिथे एकाने केलेले काम दुसऱ्याने स्वतंत्रपणे तपासून सही करायची. बँकेत दोन सह्यांशिवाय तिजोरी उघडत नसे, तसेच. फरक इतकाच, की आमची चूक संध्याकाळी सापडली तर रात्री उशिरापर्यंत बसून निस्तरता येई.

युद्धाच्या वर्षांत बंगळूरच्या शेकडो कामगारांच्या हाताला हे वळण लागले, आणि ते लगेच कामी आले. इंग्रज जाताना कानपूरला अमेरिकन बनावटीची ‘लिबरेटर’ बॉम्बफेकी विमाने टाकून गेले होते. कुणाला पुन्हा उडवता येऊ नयेत म्हणून ती मुद्दाम मोडलेली होती. बंगळूरच्या मंडळींनी जागेवरच जुजबी डागडुजी करून एकेक विमान उडवत कारखान्यात नेले आणि तिथे नीट दुरुस्त केले. अशी चाळीसच्या आसपास विमाने आपल्या हवाई दलाला मिळाली. त्यांतली काही इथे पुण्याला असत.

हे सगळे वालचंदांना परक्यासारखे पाहावे लागले. कारखान्यात त्यांचा एक भागही उरला नव्हता. १९४९ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला, कारभारातून निवृत्त व्हावे लागले. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूरला ते गेले. त्यांच्या कारखान्याने जिवंत केलेली लिबरेटर विमाने १९६८ पर्यंत उडत राहिली. त्यांतले एक आज लंडनला, इंग्रजांच्या हवाई दलाच्या संग्रहालयात उभे आहे.