निळीचा हौद आणि फुलांची वही

पाहुणे आले की त्यांना अजिंठा दाखवायला न्यायचं, हे आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या घराघरात ठरलेलं. मीही कितीदा गेले असेन! पण शंभरेक वर्षांपूर्वी तिथे ब्रश घेऊन बसलेल्या डोरोथी लार्चर यांचं नाव मला अगदी अलीकडे कळलं.

जन्म १८८४ चा, इंग्लंडमधला. हॉर्नसीच्या कलाशाळेत त्या शिकल्या. लेडी हेरिंगहॅम या चित्रकार बाईंनी १९०९ ते १९११ दरम्यानच्या हिवाळ्यांत अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करवून घेतल्या. नंदलाल बोस, असितकुमार हलदार हे तरुण आणि लार्चरबाई त्यांच्या मदतीला होत्या. रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या आगीत गेल्या होत्या, म्हणून या कामाचं मोल. मुक्काम तंबूत, लेण्यांत अंधार आणि वटवाघळं. या नकलांचं पुस्तक १९१५ मध्ये निघालं.

भारतात असतानाच त्यांना वेड लागलं ते लाकडी ठशांनी कापड छापण्याचं. मायदेशी परतल्यावर फिलिस बॅरन ही तशीच ठसेवेडी मैत्रीण भेटली आणि १९२३ पासून दोघींनी मिळून धंदा मांडला. रंगही कसे, तर नीळ आणि आपण पानाला लावतो तो कात! गिरणीच्या झकपक कापडाच्या जमान्यात हातछपाईचं कापड कोण घेणार, असं वाटेल. पण त्यांचं कापड ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांच्या जहाजावर गेलं, केंब्रिजच्या गर्टन या मुलींच्या कॉलेजातही गेलं. पाना-फुलांची नक्षी हा लार्चरबाईंचा हातखंडा.

१९३० मध्ये दोघी पेन्सविक नावाच्या खेड्यात राहायला गेल्या. तबेल्यात कारखाना थाटला, निळीचा हौद बांधला. कामाचा पसारा ओढायचा म्हणजे काय, हे बचत गट चालवणाऱ्या आपल्या मैत्रिणींना वेगळं सांगायला नको.

मग दुसरं महायुद्ध आलं. कापड मिळेना, रंग मिळेनात. उभा केलेला धंदा थांबला. लार्चरबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांनी पुन्हा ब्रश हातात घेतला आणि फुलं रंगवायला बसल्या. १९५२ मध्ये त्या गेल्या. दोघींनी छापलेलं कापड इंग्लंडमध्ये फार्नहॅमच्या संग्रहात जपलेलं आहे.