जुन्या ऑर्गनांचा वैद्य : डॉ. आल्बर्ट श्वाइट्झर

नाताळच्या दिवशी नागपूरच्या सदर भागातील चर्चमधून उपासनेचे सूर उमटू लागले की ख्रिस्ती बांधवांबरोबर इतरांचीही पावले तिकडे वळतात. प्रभू येशूच्या जन्माचा हा सोहळा जितका प्रार्थनेचा, तितकाच गायनाचा. त्या निमित्ताने आम्ही आज अशा एका सत्पुरुषाचे स्मरण करीत आहोत की, ज्याने आफ्रिकेच्या अरण्यात रुग्णांना जीवदान दिले आणि युरोपातील चर्चमधून मोडीत निघालेल्या जुन्या ऑर्गनांनाही. डॉ. आल्बर्ट श्वाइट्झर यांच्या रुग्णसेवेची कथा दत्तपूर, तपोवन आणि आनंदवन पाहिलेल्या विदर्भाला परकी नाही. त्यांच्या दुसऱ्या सेवेची वार्ता मात्र मराठी वाचकांच्या कानी क्वचितच आली असेल.

आपल्या संगीत नाटकांतून पायाने भाता चालवावयाचा ऑर्गन आपण ऐकला आहे. त्यात धातूची पट्टी कंप पावून स्वर निघतो. मोठ्या चर्चमधील ऑर्गनची जात निराळी. तो म्हणजे शेकडो, प्रसंगी हजारो नळ्यांचा समुदाय. प्रत्येक नळी एकच स्वर देते. भात्याची हवा नळ्यांखालच्या पेटाऱ्यात कोंडलेली असते. वादकाने पट्टी दाबली की तेवढ्या नळीची झडप उघडते आणि ती बोलू लागते. हवेचा दाब किती, नळीचा घेर व जाडी किती, तिच्यात कथील किती, यावर नाद गोड निघावयाचा की कर्कश, हे ठरते.

या वाद्याचा वेध श्वाइट्झर यांना आजोळहून वारशाने मिळाला होता. आल्सास प्रांतातील कायझर्सबेर्ग येथे १४ जानेवारी १८७५ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील ग्युन्सबाख गावी धर्मोपदेशक होते. आईचे वडीलही धर्मोपदेशकच. परंतु कोणत्याही नव्या गावी गेले की ते प्रथम तेथील ऑर्गन पाहावयास जात. नातवाचे पाय पट्ट्यांपर्यंत जेमतेम पोहोचू लागले तोच तो ऑर्गनपाशी बसू लागला आणि नवव्या वर्षी गावच्या उपासनेत त्याने नेहमीच्या वादकाची जागा चालविली. पुढे म्यूलहाऊस येथे शिक्षण झाले आणि १८९३ साली पॅरिसचे थोर वादक व्हिडोर यांनी त्यांना शिष्य म्हणून स्वीकारले.

१८९६ च्या शरद ऋतूत बायरॉइटहून परतताना श्वाइट्झर मुद्दाम श्टुटगार्ट येथे उतरले. तेथील नव्या ऑर्गनची मोठी वाहवा झाली होती. परंतु त्यावर बाखची रचना सुरू झाली आणि त्यांना केवळ गोंगाट ऐकू आला. स्वरमालिकांचे पदर एकमेकांत मिसळून गेले होते. कारखान्यात घडविलेल्या या नव्या वाद्यांत हवेचा दाब वाढवून आवाज मोठा केला होता, पण नादाची गोडी हरपली होती. प्रगती म्हणून जिचा डंका वाजत होता ती वस्तुतः पीछेहाट आहे, असा संशय त्यांच्या मनात आला. पुढील दहा वर्षे सवड मिळेल तेव्हा त्यांनी अनेक जुने-नवे ऑर्गन पाहिले, कारागिरांशी व वादकांशी चर्चा केली आणि १९०६ साली जर्मन व फ्रेंच ऑर्गनबांधणीवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. आरंभी तिची थट्टाच झाली. परंतु १९०९ साली व्हिएन्ना येथील संगीत परिषदेत त्यांच्या पुढाकाराने ऑर्गनबांधणीचे आंतरराष्ट्रीय नियम तयार करण्यात आले.

विचार मांडणे सोपे, वाद्य वाचविणे कठीण. स्ट्रासबुर्गच्या सेंट थॉमस चर्चमध्ये योहान आंद्रेआस झिल्बरमान या कुशल कारागिराने १७४१ साली बांधलेला ऑर्गन होता. १७७८ साली तो मोझार्टने वाजविला होता. असे वाद्य जुने झाले म्हणून टाकून द्यावयाचे आणि त्या जागी नवे बसवावयाचे, हा त्या काळचा रिवाज. श्वाइट्झर यांनी मोठ्या खटपटीने ते वाचविले. त्याच चर्चमधील लहान ऑर्गनही त्यांच्याच आराखड्याप्रमाणे हेर्फर या कारागिराने बांधला. पुढे अशा कामांसाठी त्यांनी धर्माध्यक्षांना, नगराध्यक्षांना, चर्चच्या पंचांना व कारागिरांना शेकडो पत्रे लिहिली. अनेकदा रात्री जागून लिहिली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जुने ते सर्व जसेच्या तसे ठेवावे, असा त्यांचा हट्ट नव्हता. नळ्यांचा मूळ नाद व हवेचा मंद दाब राखून, फ्रेंच कारागिरांनी साधलेली नाद कमीजास्त करण्याची सोय त्याला जोडावी, असे त्यांचे मत होते. जीर्णोद्धार करताना किती जतन करावे आणि किती बदलावे, हा प्रश्न आपल्या देवळांच्या बाबतीतही नेहमी उभा राहतो. श्वाइट्झर यांनी त्यासाठी एकच कसोटी लावली : वस्तूचा आत्मा कशात आहे ते आधी ओळखावे व त्याला धक्का लावू नये.

इकडे त्यांच्या अंतःकरणात दुसरीच हाक घुमत होती. तिशीपर्यंत विद्या व कला, त्यानंतर मानवसेवा, असा संकल्प त्यांनी १८९६ सालीच केला होता. तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र यांतील पदव्या, बाखवरील गाजलेला ग्रंथ, अध्यापकपद, हे सारे हाती असताना ते १९०५ साली वैद्यक शिकावयास विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसले. १९१३ साली पत्नी हेलेनसह त्यांनी आफ्रिकेतील लांबारेने गाठले. आता ऑर्गन कायमचा सुटला, असे त्यांनी मनाशी धरले होते. परंतु पॅरिसच्या बाख मंडळाने पायपट्ट्या जोडलेला, दमट हवेत टिकणारा एक पियानो त्यांना भेट दिला. दिवसभर रुग्ण तपासून थकलेला हा वैद्य रात्री अरण्याच्या काठी बाख वाजवीत बसे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये नजरकैदेत असताना वाद्य नव्हते. तेव्हा टेबल हीच पट्टी व जमीन हीच पायपट्टी मानून त्यांनी सराव चालू ठेवला.

जे त्यागिले असे वाटले, तेच पुढे सेवेच्या कामी आले. युद्धाने मोडकळीस आलेले रुग्णालय १९२४ पासून पुन्हा उभारताना युरोपातील त्यांच्या ऑर्गनवादनाच्या कार्यक्रमांनी औषधांचा खर्च भागविला. १९५२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, तो पैसाही कुष्ठरोग्यांच्या वसाहतीकडे गेला. आफ्रिकी बांधवांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी वडीलकीची होती, असा आक्षेप घेतला जातो व तो निराधार नाही. तथापि सर्व जीवमात्रांविषयी आदर हे तत्त्व त्यांनी आयुष्यभर आचरिले, हेही तितकेच खरे. ४ सप्टेंबर १९६५ रोजी लांबारेने येथेच त्यांनी देह ठेवला.

सेंट थॉमसच्या ऑर्गनला १९७९ साली आल्फ्रेड केर्न या कारागिराने त्याच्या मूळ रूपाकडे पुन्हा नेले. परंतु मुळात ते वाद्य उरले होते, म्हणूनच हे घडू शकले. जे जीर्ण झाले ते टाकाऊ, असे जगाला वाटते. मग ते वाद्य असो की व्याधीने पिडलेला मनुष्य. गोठ्यातील गव्हाणीत जन्मलेल्या प्रभूचा हा सण साजरा करताना, जगाने टाकून दिलेल्यांत दडलेला सूर ऐकण्याचे कान आम्हां सर्वांना लाभोत, एवढीच आमची प्रार्थना.