दादासाहेब फाळके: भिंतीवरचा सिनेमा आणि थकलेले डोळे

भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी सिनेमाचे पहिले धडे घरच्या भिंतीवर गिरवले. त्याची किंमत मात्र त्यांच्या डोळ्यांनी मोजली.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. पुढे छायाचित्रण आणि छपाईचा व्यवसाय केला. १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि आपली पौराणिक पात्रेही पडद्यावर आणायची, हा ध्यास त्यांनी घेतला.

त्यांनी एक लहान कॅमेरा आणि काही रिळे मिळवली. मेणबत्तीचा उजेड भिंगातून टाकून ते रात्री भिंतीवर चित्रे पाडत. रोज चार-पाच तास सिनेमे पाहायचे आणि उरलेला वेळ त्याच विचारात घालवायचा, असा क्रम सुरू झाला. झोप कमी झाली, डोळ्यांवर ताण आला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. ती त्यांनी घेतली नाही. अखेर दिसेनासे झाले. नेत्रतज्ज्ञ डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या मदतीने दृष्टी परत आली.

या आजाराला चरित्रांत मोतीबिंदू म्हटले आहे. मात्र पडदा पाहिल्याने किंवा जागरणाने मोतीबिंदू होत नाही, हे आज आपल्याला ठाऊक आहे. ताणामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, डोके दुखते. एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, हे त्याचे एक कारण. शिवाय फाळके तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे, म्हणजे चाळिशी लागण्याच्या वयाचे होते.

दृष्टी परतल्यावर विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचे महिनाभर रोज थोडे थोडे चित्रण करून त्यांनी ते झरझर वाढताना दाखवले. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी वाढ पाहून भांडवल देणाऱ्यालाही विश्वास वाटला. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. त्यांचा एकमेव बोलपट ‘गंगावतरण’ १९३७ चा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले.

आज बडनेरा जंक्शनवर गाडीची वाट पाहतानाही तळहातावर स्वच्छ चित्र आणि कानात स्पष्ट आवाज मिळतो. तरी डोळे तेच आहेत. घरी सिनेमा पाहताना खोलीत मंद दिवा असू द्यावा, मोबाइल हातभर लांब धरावा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे, पापण्या मिटाव्यात. चित्र अंधूक वाटले तर दोष पडद्याचा की डोळ्यांचा, हे तपासावे. अचानक दिसेनासे झाले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि त्यांनी सांगितलेली विश्रांती घ्यावी.