कुंपणावरची फुले आणि राजघराण्याचा मंडप

लंडनच्या ओल्ड बॉन्ड स्ट्रीटवरील ॲटकिन्सन्स या अत्तराच्या दुकानासमोर १९२९ साली येणारेजाणारे थबकून उभे राहू लागले. दर्शनी काचेआड महागड्या हिरव्या ऑर्किडच्या शेजारी चक्क रस्त्याकडेच्या कुंपणांवर माजणाऱ्या वेली, रानफुले आणि रानपाला मांडलेला होता. फुलांची सजावट म्हणजे तारेने ताठ बांधलेली कार्नेशनची फुले आणि त्यांच्याभोवती ठरावीक नाजूक हिरवळ, अशी त्या काळच्या लंडनची ठाम समजूत होती. शेतकरी उपटून फेकतो तो पाला श्रीमंतांच्या बाजारपेठेत मांडण्याचे धाडस कोणी केले, याची चर्चा सुरू झाली. ते करणाऱ्या बाईंचे वय तेव्हा ४२ होते, हाताशी फारसे भांडवल नव्हते आणि मुख्याध्यापिकेची बऱ्यापैकी सुरक्षित नोकरी त्यांनी नुकतीच सोडली होती. कॉन्स्टन्स स्प्राय हे त्यांचे नाव.

आज लग्न, साखरपुडा, वाढदिवस अशा समारंभांची आखणी करून देणे हा मोठा व्यवसाय झाला आहे. मुंबई-पुण्यातील कोणत्याही मोठ्या सभागृहात सजावटकाराची गाडी पहाटे येऊन उभी राहते. समारंभाची शोभा हे पगारी, शिकवता येण्याजोगे आणि हिशेबात धरण्याजोगे काम आहे, हे ज्यांनी आपल्या उदाहरणाने दाखवून दिले, त्यांत स्प्राय यांचे नाव बरेच वर आहे.

५ डिसेंबर १८८६ रोजी इंग्लंडमधील डर्बी येथे त्यांचा जन्म झाला. माहेरचे आडनाव फ्लेचर. वडील जॉर्ज फ्लेचर रेल्वेत कारकून होते. नोकरी सांभाळून ते शिकत राहिले आणि पुढे शिक्षण खात्यात अधिकारपदापर्यंत पोहोचले. वडिलांच्या बदलीबरोबर कुटुंब आयर्लंडला गेले. कॉन्स्टन्स यांनी आरोग्यशास्त्र, शरीरशास्त्र आणि परिचर्या यांचे शिक्षण घेतले. गावोगाव फिरून प्रथमोपचार आणि घरगुती शुश्रूषेवर व्याख्याने देणे हे त्यांचे पहिले काम. फुलांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मात्र अनोळखी बायकांसमोर उभे राहून साध्या शब्दांत समजावून सांगण्याची सवय तिथे लागली, आणि पुढच्या साऱ्या आयुष्यात तीच उपयोगी पडली.

१९१० मध्ये जेम्स हेपेल मार या खाणव्यवस्थापकाशी त्यांचा विवाह झाला. १९१२ मध्ये मुलगा झाला. संसार सुखाचा नव्हता. पहिले महायुद्ध सुरू असताना, १९१६ साली, मुलाला घेऊन त्या इंग्लंडला परतल्या. त्या काळी नवऱ्याचे घर सोडणे म्हणजे समाजातील स्थान आणि उत्पन्न दोन्ही सोडणे होते. युद्धाने मात्र बायकांसाठी नोकऱ्यांची दारे उघडली होती. बॅरो-इन-फर्नेस येथे दारूगोळ्याच्या कारखान्यातील स्त्री कामगारांच्या कल्याणाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि त्यानंतर लंडनमध्ये सरकारी खात्यातील काम.

१९२१ मध्ये त्या पूर्व लंडनमधील होमर्टन आणि साउथ हॅक्नी येथील शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. ही नेहमीची शाळा नव्हती. चौदाव्या वर्षी शिक्षण सोडून कारखान्यात कामाला लागलेल्या मुलामुलींनी आठवड्यातील काही तास शिकायला यावे, अशी ती योजना होती. स्वयंपाक आणि शिवण हे ठरलेले विषय. स्प्राय यांनी त्यात फुलांच्या मांडणीची भर घातली. ज्या मुलींच्या घरी फुलदाणी सोडाच, स्वतःची खोलीही नव्हती, त्यांना फुले कशाला, असा प्रश्न सहज विचारता येतो. पण मुली तो तास आवडीने करीत. जॅमची रिकामी बाटली आणि रस्त्याकडेची दोन फांद्यांची फुले एवढ्यावरही खोली बदलते, हा विचार स्प्राय यांनी इथे पक्का केला. पुढे त्यांचे ग्राहक उमराव झाले तरी तो सुटला नाही. खरे तर त्यांच्या आयुष्यातली ओढाताण इथेच आहे. शिकवायचे होते गरिबांना आणि पैसे मिळत होते श्रीमंतांकडून.

याच सुमारास हेन्री अर्नेस्ट स्प्राय त्यांच्या आयुष्यात आले. घरचे आणि मित्रमंडळी त्यांना शाव्ह म्हणत. दोघांनी एकत्र संसार थाटला आणि कॉन्स्टन्स यांनी त्यांचे आडनाव लावले. विधिवत विवाह मात्र झाला नव्हता. घराच्या बागेतली फुले त्या ओळखीच्यांकडे नेऊन मांडून देत. अशाच ओळखीतून रंगभूमीचे नेपथ्यकार नॉर्मन विल्किन्सन यांची भेट झाली आणि त्यांनी ॲटकिन्सन्सच्या दर्शनी काचेचे काम सुचवले. सिडनी बर्नस्टीन यांच्या ग्रॅनाडा चित्रपटगृहांत नियमित फुले मांडण्याचे कामही मिळाले. छंदाचा व्यवसाय होऊ शकतो, हे या दोन कामांनी दाखवले. १९२९ मध्ये ‘फ्लॉवर डेकोरेशन्स’ नावाचे छोटे दुकान सुरू झाले.

या धंद्याचे गणित फार अवघड असते. माल नाशवंत, मागणी हंगामी, आणि ग्राहकाला वस्तू नको असते, एका संध्याकाळपुरता देखावा हवा असतो. पहाटे बाजारातून आणलेली फुले दुपारपर्यंत मांडून झाली नाहीत तर पैसे वाया. संध्याकाळच्या मेजवानीनंतर दुसऱ्या दिवशी कामाचा मागमूस राहत नाही. स्प्राय यांनी यावर काढलेले उपाय अगदी व्यवहारी होते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी चुरगाळून भांड्यात बसवायची, म्हणजे जड फांदीही हव्या त्या कोनात उभी राहते. ही साधी युक्ती त्यांच्यामुळेच घरोघरी गेली. भांडी म्हणून रस्सा वाढायची बुधली, सूपच्या भांड्याचे झाकण, पक्ष्याचा पिंजरा, भट्टीतला पत्रा, काहीही चालत असे. केल या भाजीची कुरळी पाने, मोहरलेल्या फांद्या, सुकलेल्या शेंगा त्यांनी गुलाबाच्या बरोबरीने वापरल्या. यात सौंदर्यदृष्टी होती, तशी काटकसरही होती. ज्याला बाजारभाव नाही अशा मालाला त्यांच्या हाताने भाव येई.

तो काळ लंडनमधील उच्चभ्रू वर्तुळात पांढऱ्या रंगाच्या वेडाचा होता. सिरी मॉम या अंतर्गत सजावटकार बाई संपूर्ण पांढऱ्या खोल्या सजवीत आणि त्यांत स्प्राय यांची फक्त पांढऱ्या फुलांची मांडणी असे. १९३२ मध्ये ग्लक या चित्रकर्तीने आपल्या घरासाठी फुले मागवली. त्या ओळखीचे प्रेमात रूपांतर झाले आणि ते नाते १९३६ पर्यंत टिकले. स्प्राय यांच्या एका मांडणीचे ग्लक यांनी ‘क्रोमॅटिक’ या नावाने चित्र केले. दोन दिवसांत कोमेजणाऱ्या कामाची नोंद कॅनव्हासवर राहिली, हे या व्यवसायात विरळाच.

१९३४ मध्ये दुकान मेफेअरमधील साउथ ऑडली स्ट्रीटवर मोठ्या जागेत गेले. कर्मचारी ७० झाले. अवघ्या पाच वर्षांत ही वाढ, आणि तीही जागतिक मंदीच्या वर्षांत. त्याच साली ‘फ्लॉवर डेकोरेशन’ हे त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच जागेत फुलांच्या मांडणीची शाळा सुरू झाली. धंद्याचे गुपित जपण्याऐवजी ते पुस्तकात छापणे आणि वर्गात शिकवणे, हा निर्णय कोणत्याही दुकानदाराला वेडेपणाचा वाटला असता. स्प्राय यांच्यातील मुख्याध्यापिकेला तो स्वाभाविक वाटला असावा. व्यवहारातही तो चुकला नाही. पुस्तके आणि शाळा यांमुळे नाव सर्वदूर झाले, प्रशिक्षित हात मिळाले, आणि लग्नसराई संपल्यावरही उत्पन्न येत राहिले. १९३८ मध्ये न्यूयॉर्कमध्येही त्यांच्या नावाचे दुकान उघडले.

राजघराण्याची कामे येऊ लागली होती. १९३५ मध्ये ड्यूक ऑफ ग्लॉस्टर यांच्या विवाहाची फुले त्यांनी केली. तेव्हाचे युवराज एडवर्ड आणि वॉलिस सिम्प्सन हे दोघेही त्यांचे जुने ग्राहक. पुढे काय झाले हे सर्वश्रुत आहे. दोन वेळा घटस्फोट घेतलेल्या स्त्रीशी विवाह करता यावा म्हणून एडवर्ड यांनी डिसेंबर १९३६ मध्ये सिंहासन सोडले. ३ जून १९३७ रोजी फ्रान्समधील कांदे या वाड्यात त्यांचा विवाह ठरला. राजघराण्यातील कोणीही जाणार नव्हते. या लग्नाशी नाव जोडले गेले तर इंग्लंडमधील राजघराण्याची आणि त्यांच्या भोवतालच्या उमरावांची कामे जातील, हे स्पष्ट होते. दुकानात ७० माणसांचे पगार द्यायचे होते.

स्प्राय गेल्या. सहकारी व्हॅल पिरी यांना घेऊन त्यांनी सारा वाडा फुलांनी भरला. छायाचित्रकार सेसिल बीटन तिथे हजर होते आणि त्यांच्या छायाचित्रांतून ते लग्न जगाने पाहिले. आपली चांगल्या दिवसांतली गिऱ्हाइके वाईट दिवसांत टाकायची नाहीत, एवढाच त्यामागचा हिशेब दिसतो. कदाचित स्वतःच्या मोडलेल्या पहिल्या संसाराची आठवणही असेल. अपेक्षेप्रमाणे राजघराण्याकडून येणारी कामे काही काळ थांबली. दुकान बंद पडले नाही, कारण तोवर ते केवळ दरबारी मर्जीवर उभे नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात फुलांची चैन संपली. बागांत बटाटे आणि कोबी लावायचा तो काळ. स्प्राय पुन्हा आपल्या पहिल्या कामाकडे वळल्या. गावोगाव जाऊन, शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या मोजक्या जिनसांत परसातली भाजी घालून चांगले कसे रांधावे, हे त्या बायकांना सांगू लागल्या. ‘कम इन्टू द गार्डन, कुक’ हे १९४२ चे पुस्तक त्यातूनच आले.

युद्ध संपताच त्यांनी पाकशास्त्राच्या शिक्षिका रोझमेरी ह्यूम यांच्याशी भागीदारी केली. ह्यूम यांनी १९३१ मध्ये लंडनमध्ये फ्रेंच पद्धतीच्या स्वयंपाकाची शाळा काढलेली होती. १९४६ मध्ये विंडसरजवळच्या विंकफील्ड प्लेस या जुन्या वाड्यात दोघींनी गृहशास्त्राची निवासी शाळा सुरू केली. एकीकडे रसोई, दुसरीकडे फुले. समारंभाच्या दोन्ही बाजू आता एका छपराखाली आल्या होत्या.

आणि मग १९५३ साल उजाडले. राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतील आणि मिरवणुकीच्या मार्गावरील फुलांचे काम स्प्राय यांच्याकडे आले. एडवर्ड यांच्या लग्नाला गेलेल्या बाईंना त्यांच्याच पुतणीच्या राज्याभिषेकाची फुले मांडायला बोलावले गेले. राष्ट्रकुलातील देशांतूनही फुले आली. शिवाय सरकारने आणखी एक जबाबदारी टाकली. परदेशी पाहुण्यांसाठी २ जून रोजी वेस्टमिन्स्टर स्कूलच्या सभागृहात भोजन द्यायचे होते. पाहुणे सुमारे ३५०, स्वयंपाकघर अपुरे, आणि वाढपी म्हणून विंकफील्डच्या विद्यार्थिनी.

ज्याने कधी मांडवात पंगत उठवली आहे त्याला या कामाचा धसका कळेल. गरम पदार्थ वेळेवर आणि सारखा वाढणे शक्य नव्हते. म्हणून बहुतेक पदार्थ थंड ठेवायचे ठरले. ह्यूम यांनी शिजवलेली कोंबडी सोलून, कांदा, करी पावडर, टोमॅटो, तांबडी वाइन, लिंबू आणि जर्दाळूचा गर यांचा आटवलेला रस मेयोनेज आणि साईत कालवून तिच्यावर घातला. सोबत मटार घातलेला थंड भात. हाच पुढे ‘कॉरोनेशन चिकन’ या नावाने इंग्लंडभर पोहोचलेला पदार्थ. त्यातली करी पावडर आपल्याकडच्या कोणत्याही मसाल्याच्या डब्यात सापडणार नाही. इंग्रजांनी हिंदुस्थानची चव म्हणून बाटलीत भरून घरी नेलेली ती भुकटी. पण शिधापत्रिकेच्या दिवसांतून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या देशाला तो पिवळा रस चैनीचा वाटला. पदार्थाचे श्रेय अनेकदा स्प्राय यांना दिले जाते. ते ह्यूम यांचे आहे.

त्याच वर्षी स्प्राय यांना ओबीई हा किताब मिळाला. १९५६ मध्ये दोघींच्या नावाने ‘द कॉन्स्टन्स स्प्राय कुकरी बुक’ निघाले. हजाराहून अधिक पानांचा हा ग्रंथ इंग्लंडमधील कित्येक घरांत आई मुलीला देऊ लागली.

स्प्राय यांना जुन्या जातींच्या गुलाबांचा नाद होता. फॅशनमधून गेलेल्या, बागांतून उपटल्या जाणाऱ्या जाती त्या शोधून आणून लावत. ३ जानेवारी १९६० रोजी विंकफील्ड प्लेसच्या जिन्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला. वय ७३ होते. पुढच्याच वर्षी गुलाबतज्ज्ञ डेव्हिड ऑस्टिन यांनी जुन्या गुलाबांच्या वळणाची एक नवी गुलाबी जात बाजारात आणली आणि तिला त्यांचे नाव दिले.

त्यांचे काम नेमके कोणत्या खात्यात टाकायचे, यावर मात्र मृत्यूनंतर ४४ वर्षांनी भांडण झाले. २००४ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने स्प्राय यांच्यावर प्रदर्शन भरवले. संग्रहालयाचे अध्यक्ष, व्हॅक्यूम क्लीनरचे कारखानदार जेम्स डायसन, यांनी राजीनामा दिला. संग्रहालय यंत्रे आणि वस्तूंच्या गंभीर रचनेपासून दूर जाऊन दिखाऊपणाकडे वळत असल्याची त्यांची तक्रार होती, आणि संस्थापक टेरेन्स कॉन्रन यांनीही नापसंती दाखवली. घर झाडण्याचे यंत्र घडवणे म्हणजे रचना, आणि त्याच घरातली मेजवानी घडवणे म्हणजे शोभा, अशी वाटणी त्यामागे होती. ७० माणसांचे वेतन, दोन शाळा आणि अनेक पुस्तके या वाटणीत कोणत्या बाजूला जातात, याचा विचार फारसा झाला नाही. प्रदर्शन मात्र राजीनाम्यानंतरही सुरूच राहिले.